सपाट अमोनिया

अवरक्ताचं यंत्र दिवाळीपासून बंद.
दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर अडलाय
ते शिपाई बोरकुटेंनाही ठाऊक नाही.
म्हणून एप्रिलच्या दुपारी
अकरा संगणकांवर तेवीस पोरं,
आणि खिडकीतल्या कूलरची थरथर,
जिची वारंवारता कुणालाच काढायची नाही.

बंध म्हणजे काडी नाही रे, स्प्रिंग.
सतरा वर्षं सांगतेय हे वाक्य.
पण आज पडद्यावर पाणी तीन तऱ्हांनी हललं
आणि मागचा घोरमारे
जांभई अर्धी टाकून पुढे वाकला.

सुकेशिनी नितनवरेचा कार्बन डायऑक्साइड:
दोन्ही ऑक्सिजन एकदम दूर, एकदम जवळ,
आणि वर्णपटात तिथे नुसती सरळ रेघ.
"मॅडम, हा एवढा हलून राहिला,
मग दिसत काहून नाही?"
दोन्हीकडची ओढ सारखी, म्हटलं,
प्रकाशाला धरायला काही उरत नाही.
तिनं वहीत लिहिलं: हलतो. दिसत नाही.
खाली दोनदा रेघ ओढली.
पुढच्या संगणकाकडे जायला
मला जरा वेळ लागला.

धुर्वेचं उत्तर उणे आलं.
उणे आठशे अडुसष्ट.
"माझंच चुकते दरवेळी," खुर्ची मागे सारत तो.
त्यानं अमोनिया काढला होता
वहीच्या पानासारखा सपाट,
आणि संगणकानं, आज्ञाधारक,
तो सपाटच ठेवला होता.
चुकला नाहीस, खिंडीत उभा आहेस.
दोन्हीकडे उतार आहे.
ते उणं चिन्ह फक्त दिशा दाखवतं.
नायट्रोजन केसभर वर घे. आता चालव.

आकडे उतरू लागले, खाली, आणखी खाली,
आणि वीज गेली.
कोराडीची धुराडी हाकेच्या अंतरावर, तरी.
यूपीएस दोनदा ओरडून गप्प झाला.
वाळ्याचा ओला वास तेवढा राहिला.

कुणी उठलं नाही.
काळ्या पडद्यापुढे धुर्वे उभा राहिला.
डोकं नायट्रोजन, दोन हात स्वतःचे,
तिसरा घोरमारेचा, उसना.
हात खाली आले, वर गेले, पुन्हा खाली.
"छत्रीवानी न, मॅडम?"
"अन् वाऱ्यानं उलटते तशी पण,"
सुकेशिनी, अंधारातून.

चार तऱ्हा झाल्या तोवर वीज आली.
कूलर खडखडला, पडदे उजळले.
"थांब न बे," घोरमारे म्हणाला,
हात तसाच धरून,
"अजून दोन राहिल्या."