किती लिटर

ओहोटीला अजून दीड तास होता.
कोलंबिया नदी इथं समुद्राच्या इतकी जवळ येते
की दिवसातून चारदा थबकते, वाट विचारल्यासारखी.
तशीच थबकलेली असताना
धक्क्याला बांधलेली 'लेम्पी' जळत होती,
एकोणपन्नास सालची लाकडी टगबोट.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं नव्हतं झालं.
बंब वेळेवर आला. सगळे स्वयंसेवक:
लाकडाच्या गिरणीतला एक, शाळेची बस चालवणारी एक,
आणि अर्धीच दाढी केलेला कॅप्टन टॅगर्ट.
पाइप सुरू झाला. पाणी नदीचंच.
मी ओरडले, थांबा.

मिनिटाला हजार लिटर म्हणजे
बोटीच्या पोटात मिनिटाला एक टन.
विझेल, पण बुडेल.
बुडाली की डिझेल वर, आणि ओहोटी ते नेणार
खालच्या बेटांकडे,
जिथं याच आठवड्यात स्मेल्ट मासे चढतात
आणि त्यांच्यामागे सगळी पोटं:
सील, गरुड, पाणकावळे, जाळी घेऊन माणसं.

टॅगर्ट म्हणाला, "बाई, मला विझवायला शिकवलंय.
न विझवायला नाही."
तरी त्यानं पाइप बोटीवरून काढून धक्क्याच्या खांबांवर धरला.
त्याचे हात हे करताना लाजत होते.

आम्ही बूम सोडला, नारिंगी, दोनशे मीटर,
प्रवाहाला तिरका. आडवा लावला तर तेल खालून निसटतं;
नदीला समोरून अडवायचं नसतं.

मालक एका क्रेटवर बसलेला. वेइक्को पेसोनेन.
ब्लँकेट कोणाचं तरी, मोजा एकच.
"टाकीत किती होतं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.
टाकीची क्षमता माझ्या कागदावर होती: नऊ हजार.
तो म्हणाला, आतली केटली तांब्याची होती.
मग म्हणाला, "नऊ हजार?
पोरी, मी तिला कधी भरलीच नाही.
पैसे मिळाले की दोनशे लिटर. नाही मिळाले की नाही."

मी नऊ हजार खोडलं.
कोणाची गरिबी वाचून इतका आनंद
मला त्याआधी कधी झाला नव्हता.
तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार,
कारण त्यानं मान फिरवली.

पहाटे ती पाण्याच्या रेषेपर्यंत जळून शांत झाली.
तवंग आला, पण चंदेरी, पातळ;
इंद्रधनुषी झाला असता तर आकडा वाढवावा लागला असता.
एक ग्रीब पक्षी सापडला, छातीला काळा पट्टा.
बस चालवणारीनं त्याला भांडी घासायच्या साबणानं धुतलं,
आणि त्यानं तिचा अंगठा फोडला.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो:
जबाबदार व्यक्ती. सफाईचा खर्च तिच्याकडून.
वेइक्कोनं सही केली, अक्षर सुंदर, शाळेतलं.
पेन परत देताना विचारलं,
"त्या पाखराचं काय झालं?"

हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कोणी सांगितलेलं नाही.