चार तास मागे

नाझिब्रोलाबाईंनी लॅपटॉप आणला
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
"लिनक्समध्ये वेळ बरोबर, विंडोजमध्ये
चार तास मागे. लावलं तरी पुन्हा तेच."

दोष जुनाच. एका पाटीवर दोघांचा संसार.
एक ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतो,
दुसरा ती कुताइसीची समजून वाचतो.
एका ओळीत मिटतं.

ओळ लिहिली. बाहेर रिओनीवर धुकं.
"लिनक्स कुणी टाकलं?"
"तोर्निकेनं, जायच्या आदल्या रात्री.
लिस्बनला फरशा बसवतो."

लिस्बन.
बोटांवर मोजलं, तिला सांगितलं:
हे तिथलं घड्याळ आहे.

ती पडद्याकडे बघत राहिली.
"म्हणजे जेवला नसेल अजून."

मी एंटर दाबलं नाही.
पैशांऐवजी अक्रोड घेतले.
मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतील,
तेव्हा येईलच ती.