पालथा दगड

विहिरीवरचा धुण्याचा दगड परवा उलटला.
खाली क्रूस,
आणि चार ओळी, कोर्लईत कुणालाच न लागणाऱ्या.

फादरांनी खराट्याच्या काडीनं खाचांतली माती काढली.
म्हणाले, लेकीनं बापासाठी घातलाय.
लेकीचं नाव धड आहे.
बापाच्या नावातलं एक अक्षर उलटं.

पाथरवट चौलचा असेल, लिपी परकी,
दिसलं तसं टाकीनं टोचलं त्यानं.
पण क्रूसाच्या दोन्ही अंगांना, कुणी न सांगता,
चंद्र-सूर्य,
वीरगळीवर असतात तसे.
एवढं त्याला वाचता येत होतं.

इतकी वर्षं तो बाप
आमच्या परकरांखाली पालथा.
आता इगर्जीच्या भिंतीला टेकवून ठेवलाय.

सांतान बादली घेऊन अजून तिथंच उभी:
मग धुणं
आपटायचं कशावर?