कोबा

समोर नवं सर्व्हिस सेंटर उघडलं.
फरशी अशी, की उभ्या गाडीचं पोट दिसावं.
तिथे गिऱ्हाईक काचेमागे बसून कॉफी पितं,
माझ्याकडे आलं की चवड्यांवर चालतं,
घणसोलीत नाही, गोठ्यात शिरल्यासारखं.

माझा कोबा चारशे वीस फूट.
हसू नका, टेप लावून मोजलाय.
सत्तावीस वर्षांचं ऑइल प्यायलाय तो.
हा डाग भोईर मास्तरांच्या स्कूटरचा,
हा त्या पोराचा,
जो उरलेले दीडशे द्यायला अजून यायचाय.

देवळेकर आला.
रबाळ्याच्या, महाप्याच्या कंपन्यांत फरश्या करतो.
दारात चपला काढल्या त्यानं,
माझ्या गॅरेजात! मलाच ओशाळल्यासारखं झालं.
कलिंगड ठोकावं तसा कोबा ठोकला,
कान लावला,
म्हणाला, फुटाला पंच्याऐंशी,
घासाई, प्रायमर, इपॉक्सीचे दोन हात.
आणि सहा दिवस शटर खाली.

पस्तीस हजार सातशे मी मनात मोडले.
सहा दिवस मोडेनात.

मग स्वतःच करू.
डबे तेरा हजारांत येतात,
रोलर आहे, हात आहेत,
अख्खं इंजिन उघडून बसवतो मी,
रंगाचं काय एवढं?

कागदावर लिहिलं होतं, आधी ओल तपासा.
रात्री प्लास्टिकचे तीन चौकोन
चारी बाजूंनी टेपनं चिकटवले.
सकाळी रॅम्पजवळचा कोरडा, मधला कोरडा,
मागच्या भिंतीजवळचा आतून घामेजलेला,
थेंब धरून बसलेला.

पोशाकाका रोज पेपर वाचायला येतात.
तरुणपणी मिठागरावर होते.
वाकून बघितलं, बोटानं प्लास्टिक दाबलं.
"यं खाजन व्हतं रं. पानी कुठं जातंय?
खालीच बसलंय."

आणि मग विचारल्याशिवाय सांगत सुटले,
मिठाची जमीन कशी पायांनी मळायची,
उन्हात, रांगेनं, टाचा फुटेपर्यंत,
एक चीर राहिली तरी मीठ काळं.
मी म्हटलं, काका, कॉन्ट्रॅक्टर नव्हता का?
"व्हता की. छत्रीखाली."

रविवारी कोपऱ्यात नमुना केला.
दोन तास सोडा घातला, ब्रश मारला,
काळ्याखालून राखाडी वर आलं,
नव्यानं ओळख करून द्यावी तसं.
एक डबा, दुसरा डबा, मोजून, ढवळून.
आणि फोन वाजला.
कोपरखैरण्यातून. क्लच घसरतोय,
नाही, घसरत नाही, ओढत नाही,
नाही, ओढतो, पण चढावर...
पस्तीस मिनिटं.
वळलो तर डबा चहासारखा तापलेला,
धूर निघतोय,
ब्रश आत उभा, दगडात रोवलेल्या त्रिशुळासारखा.

तेव्हा कळलं,
तेरा हजारांत त्यांनी सगळं दिलं होतं,
फक्त फोन न वाजणारा एक तास
डब्यात नव्हता.

देवळेकरला फोन केला.
म्हटलं, अर्धाच कर. रॅम्पपासून मधल्या खांबापर्यंत.
भिंतीकडचा राहू दे, तिथे ओल आहे.
तो गप्प झाला, मग म्हणाला,
हे मीच तुम्हाला सांगणार होतो,
पण पूर्ण काम सुटेल म्हणून थांबलो होतो.
त्या वाक्यावर मी बयाणा दिला.

तीन दिवस शटर खाली राहील.
गाड्या बाहेर रस्त्यावर उघडेन,
पान्हे पोत्यावर मांडून,
सुरुवातीला मांडायचो तसे.

मागच्या भिंतीशी काकांची खुर्ची तशीच राहील.
पायाखाली काळा कोबा, त्याच्याखाली पाणी.
ब्रश रोवलेला तो डबा
वारं आलं की दार आपटू नये म्हणून
आता दाराशी असतो.
तेवढं मात्र माझं मी केलं.