पुकारा

डिस्चार्ज कार्ड, धंतोलीच्या मेडिकलची बिलं,
आणि इंजेक्शनची रिकामी बाटली.
सुनेनं फेकली नाही, म्हणून बॅच नंबर शाबूत.
वकीलबाई कागदावर लिहून विचारतात,
संमतीपत्र वाचलं होतं?
सही माझीच. भुलीच्या आधीची, वाकडी.

ऑपरेशन पोटाचं.
गेले कान.

तीस वर्षं महालात
स्कूटरचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगितलं.
आता किक मारतो,
थरथर गुडघ्यापर्यंत येते
अन् तिथंच थांबते.
भरपाईच्या रकान्यात
काय भरू, बाई?

सिव्हिल लाइन्स. ग्राहक आयोगाच्या दारात
शिपाई नाव पुकारतो म्हणे,
डोमाजी निनावे हाजिर है...
मी त्याच्या ओठांवर डोळे लावून बसलेला.

कंपनीचा वकील फाईल बांधतोय.
तारीख पडली वाटतं.