माती झाली

व्हर्लिन हाउगेननं माती आणली ती कॉफीच्या डब्यातून.
टेबलावर ठेवताना झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलेलं,
दवाखान्यात नमुना घेऊन आलेला माणूस धरतो तसं.

मी चिमूट चोळली. राखाडी.
ओल्या पुठ्ठ्याला असतो तेवढाही वास नाही.
आकडे मात्र उत्तम : नत्र भरपूर, स्फुरद भरपूर,
चाळीस वर्षं पांढऱ्या टाकीतून अमोनिया प्यालेली जमीन.
"कागदावर धडधाकट आहे," मी म्हटलं.
"बाबाही होते," तो म्हणाला, "शेवटच्या आठवड्यापर्यंत."

मग मी त्याला एक बनियन पुरायला सांगितला.
निव्वळ सुती, वीतभर खोल, वर खुणेला गुलाबी झेंडी.
त्याला वाटलं, परदेशी बाई काहीतरी तोडगा सांगतेय.
पण पुरला.
दोन महिन्यांनी उकरला, तर जसाच्या तसा,
काखेतल्या शिवणीसकट.
आर्डिसनं धुतला, दोरीवर वाळत घातला,
रविवारी त्यानं तोच घातला चर्चला,
आणि शर्टाचं वरचं बटण काढून मला दाखवला :
"माझी जमीन काही खातच नाही."

भूक मेली होती तिची.

शेजारच्या शेडमधलं टर्कीखत, ओटचं काड,
गावातल्या वखारीतला भुसा,
यांचे लांबच लांब ढीग घातले आम्ही
उत्तर आयोवाच्या त्या सपाट, बोडक्या थंडीत.
आर्डिस रात्री नवऱ्याचा कोट चढवून
ढिगाचा ताप बघून यायची
आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहायची :
एकशे एकतीस. एकशे चाळीस. बर्फ पडतोय, तरी एकशे चाळीस.

पहिल्या वर्षी चुकले ती मी.
भुसा कच्चा होता, त्यानंच नत्र गिळलं,
मका गुडघ्याशी येऊन पिवळा पडला.
एकरी साठ बुशेल कमी.
त्या रस्त्यावर रामराम करतात तो
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून.
त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची तेवढीही बोटं उचलेनात.
"आमच्यात म्हणतात, मी माती खाल्ली," मी कबूल केलं.
व्हर्लिननं बराच वेळ विचार केला.
"कशी लागली?"

ओढ्यापलीकडच्या तुकड्यात
तो गुपचूप जुनीच टाकी फिरवत होता,
हे मला फार उशिरा कळलं.
मी काही बोलले नाही. बँकेचा हप्ता त्याचा होता,
माझा पगार दर महिन्याला होत होता.

दुसऱ्या वर्षी राय पेरली, मका काढल्यावर,
नुसती जमीन झाकायला.
तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्याचा फोन आला, पहाटे,
इतकंच सांगायला की बूट रुततोय.

आणि त्या जूनमध्ये आम्ही झेंडीपाशी वाकलो.
फावडं लावावं लागलं नाही, हातच गेले आत.
गांडूळ, अजून एक, पांढरी बुरशी जाळीसारखी,
वास असा की दोघंही एकदम गप्प.
बनियन नव्हता.
गळ्याची नायलॉनची शिवण तेवढी, कडं होऊन पडलेली,
आणि बेचाळीस आकडा लिहिलेली पट्टी.

"माती झाली," माझ्या तोंडून गेलं.

दूध उतू गेलं की आई म्हणायची ते.
मावशीचं लग्न मोडलं तेव्हा,
काकांचं दुकान बसलं तेव्हा, दारं लावून घेत,
सगळ्याची माती झाली.
इतकी वर्षं मातीचा पगार खाऊन
मला कधी वेगळं ऐकू आलं नव्हतं.

त्यानं अर्थ विचारला.
मी म्हटलं, "अभिनंदन."

पट्टी खिशात घालून, आर्डिससाठी,
तो शेताकडे तोंड करून म्हणून बघू लागला.
झ काही जमेना.
"माती जाली. माती जाली."

मी दुरुस्त केलं नाही.
जुन्या पोथ्यांमध्ये तसंच लिहिलेलं असतं.