४११८

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. रात्रीचे पावणेतीन.
शेडमधले माग चालूच. मी तेवढा थांबलोय
टॉवेलच्या हिशेबापुढे,
गार चहात एक माशी.

सुताची आवक भरताना कुणाची तरी चूक झाली.
ट्रिगरनं ती पकडली,
चुकांच्या वहीत लिहिलीसुद्धा नीट :
कोण, कधी, किती किलो, कुठल्या काउंटचं.
मग अख्खा व्यवहार मागं फिरवला
आणि त्या फिरण्यात वहीतली ओळही गेली.
पंचनामा लिहावा
आणि घरासकट तोही जाळावा, तसं.

सकाळी गड्डम शेठ विचारतील,
रात्री काय झालतं?
टेबल सांगेल : काही नाही.

फक्त आवकेचे नंबर.
४११७, मग एकदम ४११९.
नंबर मागं फिरत नाही, दिला की दिला.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा मी जातोय तिथं.

कार्डावर नाव : यल्लम्मा नरसय्या बोद्धूल.
आई हजार विड्या वळून न्यायची.
चेकर बोटानं दाबायचा, छाट म्हणायचा,
तिच्यासमोर मोडायचा.
कार्डावर आठशे वीस.
बाकीच्या एकशे ऐंशी
वळल्याच गेल्या नव्हत्या.

घरी आली की चप्पल काढायच्या आधी
दाराच्या मागं कोळशानं रेघा.
बाप हसायचा, कोण विचारणारय तुला?
उंडनी, म्हणायची ती. राहू दे.

ते दार कारखान्याचं नव्हतं.
हे मला आत्ता कळतंय, पावणेतीनला,
पगार घेऊन.

दुसरं कनेक्शन उघडलं,
पहिल्याच्या व्यवहारात नसलेलं,
आपली ओळ आपणच कमिट करणारं.
मग मुद्दाम टाकलं : उणे चाळीस किलो.
ट्रिगर खवळला, सगळं मागं.
४१२० गेला.
पण वहीत ओळ आहे. तीन वाजून अकरा,
ऑपरेटर मी, कारण साठा उणे.
तीनदा उघडून बघितली.

दाराला पुढं पिस्ता रंगाचा ऑइलपेंट लागला,
माझ्याच पहिल्या पगारातून.
रेघा किती होत्या, आईलाही सांगता येत नाही.

माशी काढून चहा प्यायलो.
मग हातानं एक ओळ भरली :
४११८. कारण माहीत नाही.